पंचवीस नंबरचं दार

समर्थक: पोर्ट २५ बंद करणं म्हणजे ईमेलवरच बंदी, असा अनेकांचा समज आहे. म्हणून नेमकं काय बंद होतं ते आधी सांगतो. मेलचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. पहिल्यात तुमचा संगणक किंवा फोन ते पत्र तुमच्या मेल-सेवेच्या सर्व्हरकडे सोपवतो. दुसऱ्यात तो सर्व्हर समोरच्याचा सर्व्हर शोधून पत्र त्याच्या हवाली करतो. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचा नियम लिहिला तेव्हा दोन्ही टप्प्यांना एकच दार होतं, पोर्ट २५, आणि तिथे येणाऱ्याची ओळख पटवून घेण्याची सोय नव्हती. हा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. त्या काळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठं, संशोधनसंस्था आणि सरकारी केंद्रं होती, आणि कुठल्या यंत्रामागे कोण बसलंय हे बहुतेकांना ठाऊक असे. पुढे जाळं घरोघरी गेलं आणि ही ओळख संपली. डिसेंबर १९९८ मध्ये पत्र सोपवण्यासाठी पोर्ट ५८७ हे वेगळं दार ठरलं, आणि पुढच्या मार्चमध्ये त्या दारावर नाव आणि पासवर्ड विचारण्याची रीतही प्रमाण झाली. पत्र पेटीत टाकणं हे एक काम, आणि एका टपाल कार्यालयाची थैली दुसऱ्या कार्यालयात पोचवणं हे दुसरं. ही वाटणी मानकांनी तेव्हाच केली होती. इंटरनेट कंपनी घरगुती जोडणीवर पोर्ट २५ अडवते तेव्हा ती फक्त थैली नेण्याचं काम अडवते. ब्राउझरमधला मेल चालू राहतो, फोनमधलं अ‍ॅप चालू राहतं, ५८७ वरून कुठल्याही सेवेकडे पत्र सोपवता येतं, येणारा मेल तर थांबतच नाही. घरगुती जोडणीला पेटीची गरज असते, थैलीची नसते.

साशंक: वाटणी तुम्ही नीट सांगितलीत, पण शेवटचं वाक्य घरात राहणाऱ्याला न विचारता लिहिलेलं आहे. घरगुती जोडणीला कशाची गरज असते हे ठरवायचं कुणी? टेलिफोनच्या जाळ्यात अक्कल मधल्या एक्स्चेंजमध्ये होती आणि टोकाला नुसतं बोलण्या-ऐकण्याचं यंत्र. इंटरनेटने हे उलटं केलं. मधल्या तारांनी पाकिटं वाहून न्यावीत, त्यांचं काय करायचं ते टोकाच्या यंत्रांनी ठरवावं. सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क या तिघांनी १९८४ मधल्या शोधनिबंधात या रचनेमागचा तर्क मांडला, आणि वेबपासून व्हिडिओ-कॉलपर्यंत पुढचा प्रत्येक शोध त्याच मोकळीकीवर उभा राहिला, कारण नवीन काही सुरू करण्यासाठी तारेच्या मालकाची परवानगी लागत नव्हती. या रचनेत प्रत्येक पत्ता दुसऱ्या पत्त्याच्या बरोबरीचा असतो; तो मागू शकतो, तसाच देऊही शकतो. पोर्ट २५ अडवला की पत्त्यांचे दोन वर्ग होतात, एक नुसत्या ग्राहकांचा आणि दुसरा पाठवण्याचा हक्क असलेल्यांचा. एखाद्या पतसंस्थेने, छोट्या साप्ताहिकाने किंवा दवाखान्याने आपला पत्रव्यवहार आपल्याच कपाटातल्या यंत्रावर ठेवायचं म्हटलं, तर त्यात गैर काय? गुन्हा भलत्याने केला आणि दार याचं बंद झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

समर्थक: या प्रकरणात अडचण अशी की चोर संन्याशाच्याच घरात राहतो आणि संन्याशाला त्याचा पत्ता नसतो. २००३ मध्ये सोबिग नावाचा वर्म पसरला. त्याने संगणकांची मोडतोड केली नाही. त्यांना दुसऱ्याचा मेल पुढे ढकलणारी यंत्रं बनवलं. मालक गाणी ऐकत होता, मुलं गृहपाठ करत होती आणि त्याच संगणकातून हजारो जाहिराती, बनावट औषधांची पत्रकं, बँकेच्या नावाचे खोटे निरोप बाहेर पडत होते. मे २००४ मध्ये अमेरिकेतल्या कॉमकास्ट या केबल कंपनीच्या अभियंत्याने जो हिशेब मांडला तो आजही विचार करायला लावतो. कंपनीच्या जाळ्यातून रोज सुमारे ८० कोटी मेल बाहेर पडत होते आणि कंपनीच्या स्वतःच्या मेल सर्व्हरमधून निघणारे त्यांतले फक्त १० कोटी होते. उरलेल्या ७० कोटींत तुमच्या पतसंस्थेसारखे प्रामाणिक सर्व्हर किती असतील? काही हजार धरा, काही लाख पत्रं धरा. बाकीचा लोंढा ग्राहकांच्या नकळत त्यांच्या घरांतून वाहत होता. या लोंढ्याचा खर्चही पाठवणाऱ्यावर पडत नाही. कागदी जाहिरात पाठवणाऱ्याला तिकिटाचे पैसे मोजावे लागतात. स्पॅमचा खर्च घेणाऱ्याच्या साठवणीवर, त्याच्या गाळणीवर आणि त्याच्या वेळेवर पडतो, आणि वाटेतल्या कंपनीच्या तारांवर पडतो. हक्काची भाषा मला मान्य आहे. पण इथे एकाच्या हक्काची किंमत अशा माणसाच्या खिशातून जाते ज्याला कुणी काही विचारलेलंच नसतं. शिवाय नाव खराब होतं ते एकट्याचं नाही. आज आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांवर शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे असतात. त्यांतला एक फोन किंवा संगणक बिघडला की त्या पत्त्यावरचे सगळे काळ्या यादीत जातात.

साशंक: लोंढा होता हे मी नाकारत नाही. पण कॉमकास्टचंच उदाहरण पुरतं वाचा. त्या कंपनीने तेव्हा सरसकट दार बंद केलं नाही. ज्या जोडण्यांमधून संशयास्पद प्रमाणात मेल निघत होता, तेवढ्यांचाच पोर्ट तिने अडवला, आणि काही आठवड्यांतच आपल्या जाळ्यातून निघणारा स्पॅम एक तृतीयांशाहून थोडा जास्त घटल्याचं सांगितलं. म्हणजे संशयित ओळखता येतात. एरवी दिवसाला वीस मेल पाठवणारं घर रात्रीत वीस हजार पाठवू लागलं तर ते मोजायला मोठी विद्या लागत नाही. मग सगळ्यांना कुलूप का? कारण कुलूप स्वस्त पडतं. मोजायला माणूस लागतो, ग्राहकाला फोन करून 'तुमच्या संगणकात वर्म आहे' हे समजवायला माणूस लागतो. राउटरमध्ये एक ओळ लिहायला काही लागत नाही. आणि मला जास्त काळजी आहे ती वेगळीच. दार बंद झाल्याने संगणक बरा होत नाही. वर्म आत तसाच राहतो, फक्त त्याचा खोकला बाहेर ऐकू येत नाही. घरातून स्पॅम निघत होता तेव्हा जगातला कुणीतरी तक्रार करायचा, ती कंपनीपर्यंत यायची आणि निदान एखाद्या तरी घराला कळायचं की आपलं यंत्र आपलं राहिलेलं नाही. बंदीने ही घंटाच काढून घेतली. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई या बॉटनेटने घरगुती कॅमेरे आणि राउटर हाताशी धरून संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर मारा केला, आणि अमेरिकेतली कितीतरी मोठी संकेतस्थळं काही तास बंद पडली. त्या यंत्रांना पोर्ट २५ ची गरजही पडली नाही. घरातलं बिघडलेलं यंत्र बिघडलेलंच ठेवून त्याचा एक हात बांधला, तर ते दुसरा वापरतं.

समर्थक: मिराईचा मुद्दा खरा आहे, घंटेचा अर्धाच खरा. बंद दारावर कुणी धडका मारत असेल तर ते दाराला कळतं. अडवलेला प्रत्येक प्रयत्न राउटरच्या नोंदीत उतरवता येतो, आणि ज्या घरातून रात्रभर पोर्ट २५ वर शेकडो अनोळखी सर्व्हरकडे प्रयत्न होतात ते घर आजारी आहे हे तक्रारीची वाट न पाहता कंपनीला समजतं. बाहेरची घंटा गेली, तिच्या जागी आतली घंटा बसवता येते, आणि तीही जगाला त्रास होण्याआधी वाजणारी. आजारी यंत्राच्या मालकाला कसं कळवावं, त्याला मदत कशी करावी, यावर २०१२ मध्ये इंटरनेटच्या मानकसंस्थेने सविस्तर शिफारशीही काढल्या. कंपन्या ती नोंद वाचत नसतील तर तो कंपन्यांचा दोष. आता निवडक बंदीबद्दल. निवडक बंदी आधी नुकसान होऊ देते. वर्म पकडला जाईपर्यंत त्याची वीस हजार पत्रं गेलेली असतात, आणि पाठवणारे मोजणीच्या मर्यादेखाली राहायला लवकर शिकतात. एका घरातून वीस हजार पाठवण्याऐवजी हजार घरांतून वीस-वीस पाठवली की तुमची मोजणी गप्प बसते.

ब्राझीलचं उदाहरण मी जरा विस्ताराने सांगतो, कारण या प्रश्नावर इतक्या पुराव्यानिशी काम झालेला दुसरा देश मला माहीत नाही. तिथल्या इंटरनेट सुकाणू समितीने २००६-०७ मध्ये घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांवर दहा सापळा-यंत्रं ठेवली. ती बाहेरून पाहणाऱ्याला मेल पुढे ढकलणारी, फसलेली यंत्रं वाटत, प्रत्यक्षात मात्र आलेला मेल फक्त साठवून ठेवत. सुमारे १५ महिन्यांत त्यांत ५० कोटींहून अधिक मेल जमा झाले. आणि दिसलं असं की हा बहुतांश मेल परदेशातून आलेला होता आणि परदेशातच जायचा होता. ब्राझीलचा त्याच्याशी संबंध एवढाच की त्याच्या घरांतून वाट जात होती. तारांचा भार ब्राझीलचा, बदनामी ब्राझीलची, कमाई तिसऱ्याचीच. २००९ मध्ये हा देश स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या एका जागतिक यादीत पहिल्या क्रमांकावर होता. त्याच वर्षी समितीने घरगुती जोडण्यांवर पोर्ट २५ बंद करण्याची शिफारस केली. बंदी मात्र लगेच आली नाही. आधी मेल-सेवांनी आपल्या ग्राहकांना ५८७ वर आणायचं, मगच टेलिकॉम कंपन्यांनी दार लावायचं, असा क्रम ठरला, कारण उलट केलं असतं तर लाखो लोकांचे मेल एका सकाळी अडकले असते. २०११ च्या अखेरीस करार झाला, पुढच्या वर्षी अंमलबजावणी सुरू झाली आणि २०१३ मध्ये ब्राझील त्या यादीत पहिल्या दहांच्या बाहेर गेला. २०१२ च्या सुरुवातीला सोफॉस या सुरक्षा कंपनीच्या अशाच एका यादीत पहिला क्रमांक आपल्या देशाचा होता हेही इथेच आठवावं.

साशंक: ब्राझीलच्या उदाहरणावर मी आक्षेप घेत नाही, पण त्यातून तुम्ही काढता त्याहून वेगळा निष्कर्ष काढते. त्या समितीत २१ सभासद असतात. सरकारचे नऊ, बाकीचे उद्योग, स्वयंसेवी संस्था, विद्यापीठं आणि तंत्रज्ञ यांचे. निर्णयाआधी मोजमाप झालं. ग्राहक-संरक्षणाचं काम करणारी मंडळी चर्चेत होती, करारात होती, आणि एखादी सोय काढून घेतल्याने ग्राहकाचा हक्क मारला जातो का हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. ग्राहकाला आधी दुसरी वाट दाखवली, मग पहिली बंद केली. ब्राझीलमध्ये जे यशस्वी झालं ते कुलूप होतं की ही पद्धत? जगात इतरत्र बहुतेक ठिकाणी कुलूप तेवढं गेलं, पद्धत मागे राहिली. ग्राहकाला बंदी कशी कळते पाहा. सर्व्हर पाकीट पाठवतो, उत्तर येत नाही, तो थांबतो, पुन्हा पाठवतो, शेवटी वेळ संपल्याचा निरोप येतो. 'आम्ही अडवलं' असं कुणी सांगत नाही. करारपत्रात शोधलं तर एखाद्या कलमात 'सुरक्षेच्या कारणास्तव' असे दोन शब्द सापडतात. आणि विनंती केली तर पुष्कळदा उत्तर येतं की ही सोय व्यावसायिक जोडणीवर आहे, स्टॅटिक आयपी घ्या, महिन्याचे इतके पैसे भरा. इथे माझा खरा आक्षेप आहे. जी गोष्ट सर्वांच्या रक्षणासाठी बंद केली ती पैसे भरल्यावर उघडत असेल, तर ते सुरक्षेचं कलम राहिलं की दरपत्रकातली ओळ झाली? जास्त भाडं भरणाऱ्या घरात वर्म शिरत नाही असं तर नाही ना?

समर्थक: हा आक्षेप मी मान्य करतो, आणि तो मान्य केल्याने माझी बाजू पातळ होत नाही असंही मला वाटतं. दार मुळातच बंद असावं. मागणाऱ्याला ते विनामूल्य उघडून मिळावं. अर्जात एवढंच विचारावं की या यंत्राची जबाबदारी कुणाची आणि तक्रार आली तर कुणाला गाठायचं. पैसे हा गाळणीचा निकष होऊ नये, जबाबदारी व्हावी. वर्म अर्ज करत नाही, हेच या योजनेचं सगळं बळ. पण मग तुम्हालाही एक गोष्ट मान्य करावी लागेल. समजा उद्या प्रत्येक कंपनीने सगळी दारं उघडली. तुमच्या पतसंस्थेचं पत्र घरगुती पत्त्यावरून निघालं आणि मोठ्या मेल-सेवेच्या दाराशी पोचलं. ती ते घेईल? २००७ पासून स्पॅमहाउस ही स्पॅमविरोधी संस्था अशा पत्त्यांची एक यादी चालवते, जिथून थेट मेल येणं अपेक्षितच नाही. त्यात घरगुती जोडण्यांचे प्रचंड पट्टे आहेत, आणि कित्येक पट्टे इंटरनेट कंपन्यांनी स्वतःहून नोंदवलेले आहेत. जगभरचे सर्व्हर ती यादी पाहून पत्र उंबऱ्यावरूनच परत पाठवतात. एकट्या स्टॅटिक पत्त्याला तिथून आपलं नाव काढून घेता येतं, पण ते त्याला माहीत असावं लागतं. म्हणजे तुम्ही ज्या दारासाठी भांडताय ते उघडलं तरी पलीकडचं दार बंदच आहे, आणि ते बंद करण्याचा अधिकार घेणाऱ्याचा आहे. माझ्या घरात कुणाचं पत्र यावं हे मी ठरवणार. त्याविरुद्ध तुमच्याकडे कुठला तर्क आहे?

साशंक: घेणाऱ्याच्या अधिकाराविरुद्ध माझ्याकडे तर्क नाही. पण घेणारे कितीजण उरले आहेत ते पाहा. पोर्ट २५ अडवायला सुरुवात झाली तेव्हा सौदा साधा होता: थेट पाठवू नका, आपल्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरकडे सोपवा, तो पाठवेल. तेव्हा प्रत्येक कंपनीचा सर्व्हर होता आणि देशोदेशी अशा हजारो कंपन्या होत्या. सत्ता विभागलेली होती. त्यानंतर कित्येक कंपन्यांनी मेलची सेवाच गुंडाळली. आज 'आपल्या सेवेकडे सोपवा' याचा अर्थ बहुतेकांसाठी दोन-तीन महाकाय कंपन्यांकडे सोपवा असा झाला आहे. घरातून जमत नाही म्हणून कुणी क्लाउडमध्ये भाड्याचा सर्व्हर घेतला, तर अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्येही नव्या यंत्राचा पोर्ट २५ मुळातच अडवलेला असतो आणि उघडायला अर्ज लागतो. गूगलच्या क्लाउडमध्येही तो सहसा बंद असतो, आणि मेल पाठवणाऱ्या सेवा विकत घ्या असा सल्ला मिळतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी सही, ओळख आणि तक्रारींच्या प्रमाणाच्या अटी लागू केल्या. प्रत्येक अट सुटी घेतली तर योग्यच आहे. मीही लिहिली असती. पण या सगळ्या योग्य अटी एकावर एक रचल्या की इमारत कुणाची उभी राहते? ईमेल ही कुणाच्याही मालकीची नसलेली सेवा आहे. कुठल्याही कंपनीचा माणूस कुठल्याही दुसऱ्या कंपनीच्या माणसाला पत्र लिहू शकतो, आणि फोनवर निरोप पाठवायच्या कुठल्याही बंदिस्त अ‍ॅपमध्ये ही गोष्ट नाही. ती टिकायची तर स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या छोट्या माणसाला जागा हवी. तो संख्येने नगण्य आहे, हे मला मान्य. पण मोठ्यांना पर्याय शिल्लक आहे हे त्याच्यामुळेच खरं राहतं. शिवाय दवाखान्याचं पत्र तिसऱ्याच्या यंत्रातून जातं तेव्हा ते तिथे वाचता येऊ शकतं. 'सोपवा' या शब्दात हेही येतं.

समर्थक: एकवटण्याची भीती मलाही आहे, पण ती पोर्ट २५ च्या माथी मारणं मला पटत नाही. लोक मोठ्या सेवांकडे गेले ते बहुतांशी स्पॅममुळेच गेले. ज्याच्याकडे रोज कोट्यवधी पत्रं येतात त्याची गाळणी सर्वांत चांगली शिकते. छोट्या सर्व्हरचा मालक संध्याकाळी कचरा उपसत बसतो आणि एक दिवस कंटाळून सोडून देतो. लोंढा जितका कमी तितकं त्याचं टिकणं सोपं. या हिशेबात बंदी छोट्याच्या बाजूचीही आहे. आणि तुम्ही म्हणाल की स्पॅम आता चोरलेल्या खात्यांतून, पासवर्ड विचारणाऱ्या दारातूनच येतो. येतो, खरं आहे. आपल्याकडे व्यापारी एसएमएससाठी ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१८ मध्ये नोंदणीकृत नावांची व्यवस्था आणली आणि उपद्रव बराचसा साध्या दहा आकडी नंबरांकडे सरकला, हेही मी लपवत नाही. पण चोरलेल्या खात्याला मालक असतो, सेवा असते, ते तासाभरात गोठवता येतं. निनावी पत्त्यावरून निघालेल्या पत्राला गोठवायला काहीच नसतं. आणि केंद्रावर घाव घालून काय होतं तेही पाहिलेलं आहे. ११ नोव्हेंबर २००८ ला कॅलिफोर्नियातल्या मकोलो या होस्टिंग कंपनीची जोडणी तिच्या पुरवठादारांनी तोडली, अनेक बॉटनेटांची सूत्रं तिथून हलत होती. जगभरचा स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला. पण काही महिन्यांत तो पुन्हा पहिल्या पातळीला पोचला, कारण फसलेली घरं तशीच होती आणि त्यांची दारं उघडी होती. केंद्र बदलता येतं. लाखो घरांची दारं एकदा लागली की ती बदलून मिळत नाहीत.

साशंक: 'एकदा लागली की'. तुमच्या या शब्दांपाशीच मला थांबायचंय. ट्रायने नोव्हेंबर २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर ज्या शिफारशी केल्या, आणि सरकारने २०१८ मध्ये ज्या स्वीकारल्या, त्यांत कंपन्यांना वाहतुकीचं वाजवी नियमन करायची मुभा आहे. पण त्या उपायांना तीन विशेषणं लावली आहेत: प्रमाणबद्ध, तात्पुरते, पारदर्शक. युरोपीय संघाचा २०१५ चा नियमही सुरक्षेसाठी वाहतूक अडवू देतो, पण गरज असेल तेवढाच काळ. दोन्हीकडे काळाची अट आहे. तुम्ही प्रमाणाबद्दल बोललात, पारदर्शकतेबद्दल मी बोलले, काळाबद्दल आपण दोघांपैकी कुणीच बोललो नाही. ही बंदी वीस-वीस वर्षं जुनी आहे. सोबिग संपला, २००८ ची बॉटनेटं संपली, चोरलेली खाती हा मुख्य मार्ग झाला असं तुम्हीच म्हणालात. मग ती अजून लागते का? आणि लागत नसेल तर ते कळणार कसं? बंदी जितकी यशस्वी होते तितका तिच्या गरजेचा पुरावा दिसेनासा होतो. स्पॅम वाढला तर म्हणायचं बंदी हवीच, कमी झाला तर म्हणायचं बंदीमुळेच कमी झाला. ज्या उपायाच्या विरोधात कुठलाही पुरावा उभाच राहू शकत नाही त्याला 'तात्पुरता' म्हणण्याला काय अर्थ आहे? माझी मागणी बंदी उठवा अशी नाही. प्रत्येक कंपनीने वर्षाकाठी सांगावं की अडवलेले प्रयत्न किती, ते किती घरांतून झाले, त्यांतल्या किती घरांना कळवलं. तुम्हीच म्हणालात, नोंद राउटरमध्ये उतरते.

समर्थक: तर्काने याला माझा विरोध नाही, व्यवहाराचीच अडचण दिसते. आपल्या जाळ्यातली इतकी घरं आजारी आहेत असा आकडा कुठलीच कंपनी आपणहून पहिल्यांदा छापणार नाही, कारण शेजारची कंपनी गप्प राहील आणि प्रामाणिक असलेलीच घाणेरडी दिसेल. नियामकाने सर्वांना एकदम विचारलं तर हे जमेल. ब्राझीलमध्ये सर्वांना एका टेबलाशी बसवणारी समिती होती म्हणूनच तिथलं मोजमाप झालं. आकडे आल्यावर ते तुमच्या बाजूने बोलतील याची मात्र खात्री धरू नका. स्वस्त कॅमेरे, जुने राउटर, कधीच अपडेट न होणारे टीव्हीचे डबे यांनी आजची घरं भरलेली आहेत, आणि २००४ मधल्या एका संगणकाऐवजी आता एकेका घरात दहा-दहा यंत्रं आहेत. मिराई तुम्हीच सांगितलात. धडका कमी झालेल्या नसतील असाच माझा अंदाज आहे.

साशंक: नसतील कदाचित. पण किती कमी झाल्या म्हणजे दार उघडायचं, तो आकडा आज ठरलेला नाही, आणि दार लावताना तो कुणी ठरवलाही नव्हता. तो तुम्ही सांगू शकता का?

समर्थक: नाही. शून्य म्हणालो तर ती कायमची बंदी होईल, कारण आजारी घरं शून्य कधीच होणार नाहीत. दुसरा कुठलाही आकडा सांगितला तर तोच का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मला एवढंच सुचतं की एका पारड्यात धडका ठेवाव्यात आणि दुसऱ्यात दार उघडून मागणाऱ्यांची संख्या, आणि दोन्ही दरवर्षी एकत्र पाहाव्यात.

साशंक: त्यातलं पहिलं पारडं भरता येईल. दुसऱ्याचं काय करायचं? ज्याने दोन दिवस सर्व्हर जोडून पाहिला, उत्तर का येत नाही ते कळलं नाही, कंपनीला फोन केला, पलीकडच्या माणसाला पोर्ट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, आणि ज्याने शेवटी ते यंत्र कपाटातून काढून एखाद्या मोठ्या सेवेत खातं उघडलं, त्याने कुठलाच अर्ज केलेला नसतो. धडकांची नोंद राउटर ठेवतो. असे किती जण परत फिरले ते कुठल्याच यंत्रात उतरत नाही.